मोहाडीपर्यंत

पवनीत कुठल्या गल्लीत बायांना आडोसा आहे, बाजारातल्या संडासाला आतून कडी लागते की नाही, विहाराची किल्ली कोणाच्या घरी असते, हे रत्नमाला रंगारीला जितकं ठाऊक होतं तितकं गावात कोणालाच ठाऊक नसेल. घराबाहेर पाय टाकायचा तर आधी तोच विचार. किराणा जवळच्या दुकानातूनच आणायचा, मग तिथली डाळ कितीही किडकी असो. लग्नाचं आमंत्रण आलं की आहेर दुसऱ्याच्या हाती पाठवायचा. बैठकीला गेलं तर दारापाशी बसायचं.

ती अंगणवाडी सेविका होती, तीस वर्षं झाली होती. गावातल्या दोन पिढ्यांच्या बाळंतिणींना तिनं काय खावं, काय खाऊ नये, अंगावर दूध कसं येतं, पोराला हगवण लागली तर काय करावं, हे घरोघर बसून सांगितलं होतं. कुठल्या गोष्टीची लाज धरली नव्हती. पण छपन्नाव्या वर्षी तिला स्वतःला जे झालं, ते मात्र तिला कोणालाच सांगता आलं नाही.

सुरुवातीला वाटलं, थंडीचे दिवस आहेत म्हणून सारखं जावं लागतं. थंडी सरली, त्रास सरला नाही. दर अर्ध्या तासाला जावं लागे आणि गेलं तर चमचाभर होई. त्याहून वाईट ती घाई. काही नसताना एकाएकी अशी कळ यायची की आता म्हणजे आताच. घरी येऊन कुलपात किल्ली घातली की हटकून यायची. नळाचा आवाज ऐकला की यायची. आणि कधीकधी मोरीपर्यंत पोचायच्या आत लुगडं ओलं व्हायचं.

एकदा भर अंगणवाडीत झालं. ती पोरांना गाणं शिकवत उभी होती, हातवारे करता करता कळ आली आणि पायावरून ऊन धार गेली. समोर टीना नावाची तीन वर्षांची पोरगी बसली होती. तिनं रत्नमालेच्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं आणि मोठ्या आपुलकीनं विचारलं, "मॅडम, तुमी बी सू केली?"

रत्नमालेनं कोपऱ्यातला पाण्याचा माठ पायानं लवंडून दिला. मदतनीस शकुनबाई फडकं घेऊन धावत आली. "माठ निसटला का वो मॅडम?"

"हो ना. धक्का लागला."

शकुनबाईनं खाली बसून फरशी पुसली. 

डॉक्टरकडे जावं असं रत्नमालेला अनेकदा वाटलं. पण तिला तिची सासू आठवायची. शेवटच्या दोन वर्षांत सासूच्या खाटेला वास यायचा, नातवंडं जवळ जायची नाहीत, आणि आलेगेले लोक नाकाला पदर लावायचे. आपलंही तेच सुरू झालं, वय झालं की व्हायचंच, यावर औषध कुठलं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. नवरा देवाजी जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगा धम्मदीप पुण्याला नोकरीला होता. घरात विचारणारं कोणी नव्हतं आणि ते एका अर्थी तिला बरंच वाटत होतं.

विचारणारं एक माणूस होतं, पण ते लांब होतं. चिखल्याला.

तुळसा तिची मोठी बहीण. आई गेली तेव्हा तुळसा चौदा वर्षांची आणि रत्नमाला सहाची. तुळसानं तिला वाढवली. वेणी घालून शाळेत पाठवली, स्वतःची शाळा सोडून. रोवण्याच्या दिवसांत दोघी लोकांच्या बांध्यांत धान लावायला जायच्या. दिवसभर चिखलात वाकायचं, चहूकडे माणसं, एक झाडही जवळ नाही. लहानग्या रत्नीनं "ताई, मले लागली" म्हटलं की तुळसा म्हणायची, "धरून ठेव. आता सांज होतेच." मग दोघी दात दाबून सांज व्हायची वाट पाहायच्या. तुळसाचं लग्न मंगरूशी झालं. तो चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत खाली उतरून काम करायचा. सुरुंगांच्या आवाजानं त्याचे कान गेले, पण निवृत्त होईपर्यंत त्यानं पाळी चुकवली नाही. लग्नानंतरही दर वर्षी बुद्धपौर्णिमेला रत्नमाला चिखल्याला जायचीच. पवनी ते भंडारा, भंडारा ते तुमसर, तुमसर ते चिखला. तीन बसा, साडेचार-पाच तास. ही वाट ती डोळे मिटून गेली असती.

ती वाट तीन वर्षांपासून बंद होती.

"येऊन राहिली का नाही तू?" तुळसा फोनवर विचारायची.

"गुडघे धरले वो ताई. बसची पायरीच चढता येत नाही."

"मागच्या वर्षी बी गुडघेच होते तुझे."

"तेच तर. कमीच नाही होऊन राहिले."

गुडघे ठणठणीत होते. पण एकदा सांगितलेलं खोटं सांभाळावं लागतं, तसं ती सांभाळत राहिली.

मग तुळसाच्या पायांवर सूज आली. चालताना धाप लागायला लागली. हृदय अशक्त झालंय, डॉक्टरांनी सांगितलं, अंगात पाणी साचतं, ते काढायला गोळी दिली. त्या गोळीनंतर तुळसाचा पहिला फोन आला तेव्हा ती हसतच होती.

"काय सांगू रत्ने, ते पान्याची गोळी घेतली का दुपारपर्यंत माझं घर संडासातच! काल तर पोचलीच नाही. अंगणातच झाली. शेजारची पाहूनच राहिली. मी म्हटलं, पाहा बाई, तुमच्या बी घरी म्हातारपण येनार हाय!"

ती इतकी हसली की तिला खोकला आला. इकडे पवनीत रत्नमालेनं फोन कानाला घट्ट धरला होता. ताई, मलेही तेच होऊन राहिलं, गुडघे नाहीत दुखत माझे, एवढं म्हणायचं होतं. दार सताड उघडं होतं. तुळसानंच उघडून दिलं होतं. पण तुळसाचं औषधामुळे होतं, आजारामुळे होतं. आपलं कशामुळे? आपण सांगितलं तर ती हसेल, मग मंगरूला सांगेल, मंगरूशी तर ओरडूनच बोलावं लागतं, म्हणजे सगळी आळी ऐकेल.

"जपून राहा ताई," एवढंच ती म्हणाली.

डिसेंबरात मंगरूचा फोन आला. तो नेहमीसारखाच ओरडून बोलत होता, पण आवाज फाटलेला होता. "रत्ना! तुमसरच्या दवाखान्यातून घरी आनलं तिले. तीच म्हने, घरी न्या. तुझं नाव घेऊन राहिली. येऊन जा बाई!"

धम्मदीपनं पुण्याहून सांगितलं, "आई, पवनीतून गाडी करून देतो, जा." पण परका ड्रायव्हर, रस्त्यात दर अर्ध्या तासानं त्याला थांब म्हणायचं, शेतात उतरायचं, त्यानं आरशातून बघायचं. "कशाला गाडी," ती म्हणाली, "बसा आहेत की."

आदल्या दिवशी दुपारपासून तिनं पाणी बंद केलं. सकाळचा चहाही घेतला नाही. जुन्या लुगड्याच्या घड्या आत घातल्या, वरून काळपट साडी नेसली, पिशवीत आणखी एक साडी ठेवली आणि अकराच्या बसला बसली. अड्याळला कळ आली ती दाबली. पहेल्याला आली ती दाबली. भंडाऱ्याला उतरल्या उतरल्या स्टँडवरच्या संडासात गेली. लघवी थोडीशी झाली, पिवळीजर्द, आणि आग झाली. ओठ सुकले होते. तरी ती पाणी प्यायली नाही. अर्धी वाट झाली, तिला धीर आला.

तुमसरची बस वरठीच्या पुढे गेली आणि थांबली. पुढे राईस मिलकडे जाणारा धानाचा ट्रक कलंडला होता. पोती रस्त्यावर पसरलेली. दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आणि कळ आली.

रत्नमालेनं मांडीवर मांडी दाबली. समोरच्या सीटची दांडी धरली. कळ उतरेना. ती उठून कंडक्टरपाशी गेली.

"भाऊ, जरा उतरू द्या."

"उतरा की आई. पण लवकर या, रस्ता मोकळा झाला तर गाडी थांबणार नाही."

ती पायरीवर आली. दोन्हीकडे कापणी झालेल्या बांध्या, सपाट, उघड्या. एक झुडूप नाही. रस्त्याच्या कडेला मोटारसायकली लावून पंधरा-वीस माणसं उभी होती, कलंडलेला ट्रक पाहत, विडी ओढत. दोघांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती तशीच पायरीवर उभी राहिली. उतरावं की नाही, हे ठरायच्या आधीच ते झालं. घड्या भिजल्या, परकर भिजला, पायरीवर थेंब पडले.

ती मागे वळून आपल्या जागेवर येऊन बसली. शेजारी एक बाई होती, ओळखीची ना पाळखीची. तिनं सीटकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहत हळूच म्हणाली, "बाटली सांडली वाटते तुमची."

"हो," रत्नमाला म्हणाली. तिच्याजवळ बाटली नव्हती.

रस्ता मोकळा झाला, मोहाडी आली. ती उतरली. पिशवीत साडी होती. कुठंतरी आडोसा पाहून बदलता आली असती, पुढली बस धरता आली असती. पण तिच्या डोळ्यांसमोर तुळसाचं घर आलं, भेटायला आलेल्या बायांनी भरलेलं. आपल्या अंगाला वास येतोय, आत गेल्याबरोबर पहिलं धावायचं ते मोरीकडे. दर दहा मिनिटांनी खाटेपासून उठायचं. बाया एकमेकींकडे बघणार. ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि भंडाऱ्याकडे जाणाऱ्या बसची वाट पाहत उभी राहिली.

तिथून तिनं मंगरूला फोन लावला. "भाऊजी, मी मोहाडीहून परत जाऊन राहिली. चक्कर आली मले. परवा येते."

"काय?"

"मोहाडी! मोहाडीवरून—"

"मोहाडी! बरं, बरं!" मंगरू ओरडला आणि फोन कटला.

पुन्हा लावायला हवा होता. तिनं लावला नाही. फोनच बंद करून पिशवीत टाकला.

तुळसा त्याच संध्याकाळी गेली.

दुसऱ्या दिवशी रत्नमाला गाडी करून चिखल्याला गेली. आता लाज धरायची कोणासाठी? वाटेत तिनं तीनदा गाडी थांबवायला सांगितलं. एकदा पेट्रोल पंपावर, एकदा ढाब्यावर, एकदा नुसत्याच रस्त्याकडेच्या पळसांमागं. ड्रायव्हर गाडीपलीकडे पाठ करून उभा राहिला आणि मोबाइल पाहू लागला. कोणाचं काही बिघडलं नाही. तीन वेळा थांबूनही ती अडीच तासांत पोचली होती.

अंत्यविधीच्या वेळी मंगरूनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्रिशरण झालं, पंचशील झालं, माणसं पांगली. रत्नमाला मागच्या अंगणातल्या संडासातून बाहेर आली तर समोर तृप्ती उभी होती. तुळसाची एकुलती मुलगी, जवळच्याच एका गावी उपकेंद्रात सिस्टर. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण आता ती रडत नव्हती.

"मावशी, तू मोहाडीपर्यंत आली होती ना?"

रत्नमालेनं पदराला हात पुसले.

"बाबा म्हणाले, मोहाडीले पोचली, जा, तुमसरच्या स्टँडवरून घेऊन ये. मी गेली गाडी घेऊन. एक बस आली, दुसरी आली, तिसरी आली. तुझा फोन बंद. सहा वाजेपर्यंत मी तिथं उभी होती, मावशी. तेवढ्यात आई गेली. मी नव्हती घरी. मी तुझी वाट पाहून राहिली होती."

रत्नमालेला हे ठाऊक नव्हतं. ती संडासाच्या भिंतीला टेकली आणि खाली बसली. मग तिनं सांगितलं. किल्ली-कुलपापासून सगळं सांगितलं. माठ, गुडघे, कलंडलेला ट्रक, बाटली. तीन वर्षांचं सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तृप्ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं एकच शब्द उच्चारला. "एवढ्यासाठी?"

आणि मग ती रडायला लागली, तोंडावर दोन्ही हात घेऊन. "माझ्याकडे दर आठवड्याले अशा चार बाया येतात वं मावशी. चार! मी त्याहिले सांगते, हे बरं होते. अन् तू... तू मले एक फोन नाही केला."

घरात गेल्यावर तिनं फळीवरून एक बाटली काढून मावशीच्या हातात दिली. टोरीचं, मोहाच्या बियांचं तेल, लसूण घालून कढवलेलं. "आईनं दिवाळीत करून ठेवलं होतं. तुझ्या गुडघ्यांसाठी. म्हणे रत्नी आली का देईन."

रत्नमालेनं ते घेतलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

आठवड्यानं तृप्तीचा फोन आला. आवाज कोरडा, दवाखान्यात बोलतात तसा. उद्या भंडाऱ्याला ये, मी येते. तिनं रत्नमालेची लघवी तपासून घेतली, साखर तपासून घेतली, एका बाई डॉक्टरला दाखवलं. साखर नव्हती, जंतू नव्हते, अंग बाहेर आलेलं नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, लघवीची पिशवी भरायच्या आधीच आवळते, म्हणून घाई होते. पुष्कळ बायांना असतं. आधी सवयी बदला, व्यायाम करा, दोन महिन्यांत फरक नाही पडला तर गोळी आहे.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून तृप्तीनं तिला समजावलं.

"पहिलं म्हणजे पाणी बंद करायचं नाही. पाणी कमी पेलं का लघवी दाट होते, अन् दाट लघवी पिशवीले आणखी चिडवते. दिवसभरात सात-आठ गिलास, थोडं थोडं. चहा किती वेळा घेतेस?"

"पाचदा."

"दोनदा. अन् गरज नसताना जाऊन यायचं बंद. घरून निघायचं म्हणून जा, आलो म्हणून जा, त्यानंच पिशवीले थोड्यावर बोंबलायची सवय लागते. आता अर्ध्या तासानं जातेस ना? पाऊण तास कर. ते जमलं का एक तास. वहीत लिहून ठेव, किती वाजता गेलीस, सुटली का नाही."

"अन् कळ आली तर?"

"पळायचं नाही. पळाली का सुटलीच समज. जागच्या जागी उभी राहा नाही तर बस. वारा सुटू नये म्हणून कसं आवळून धरतो आपण? तसं आवळ, सोड, आवळ, सोड. पाच-सहादा. कळ चढते तशी उतरते बी. उतरली का मग सावकाश चालत जा. अन् रोज तीनदा तोच व्यायाम. दहा मोजेपर्यंत आवळायचं, दहा मोजेपर्यंत सोडायचं."

"बस? एवढंच?"

"एवढंच," तृप्ती म्हणाली आणि दुसरीकडे पाहू लागली.

एवढंच असलं तरी सोपं नव्हतं. पहिले पंधरा दिवस रत्नमालेला वाटलं, उगीच आहे हे. ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहायची, आवळायची, सोडायची, कपाळावर घाम यायचा, आणि तरी दोनदातीनदा साडी भिजलीच. पण तिसऱ्या आठवड्यात एकदा दाराशी किल्ली हातात असताना कळ आली, ती उंबऱ्यापाशी थांबली, मोजत राहिली, आणि कळ उतरली. खरंच उतरली. तिनं सावकाश कुलूप काढलं, चपला काढल्या आणि मग मोरीत गेली. तिथं ती हमसून हमसून रडली. आनंद नव्हता तो. ही तीन आठवड्यांची गोष्ट होती, आणि तिनं तीन वर्षं घालवली होती. तीन वर्षं आणि एक संध्याकाळ.

फेब्रुवारीत ती दीड तासावर आली. मग दोन तासांवर. एखाद्या दिवशी अजून चुकायचं, पण घड्या लावायचं तिनं सोडलं. अंगणवाडीत मातांची बैठक होती, तेव्हा पोषणाचं बोलून झाल्यावर तिनं एकदा खाकरून हेही सांगितलं.  मग एकीनं विचारलं, खोकलल्यावर सुटते, ते बी यातच येते का? मग दुसरीनं. बैठक तासभर लांबली.

सगळ्या गेल्यावर शकुनबाई चटया गुंडाळत होती. म्हणाली, "मले ठाऊक होतं मॅडम."

"काय?"

"त्या दिवशी. माठातलं पानी थंड असते. फरशीवरचं गरम लागलं हाताले."

"मग बोलली काहून नाही?"

"तुमी माठ पाडला ना," शकुनबाई म्हणाली. "तुमाले बोलायचं नव्हतं. मंग मी कशी बोलू?"

तृप्ती दर रविवारी फोन करायची. किती तासांवर आलीस, पाणी किती पितेस. पाच मिनिटांत फोन ठेवायची. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही आणि रत्नमालेनं विचारलंही नाही. मंगरू मात्र फोनच घ्यायचा नाही.

मार्चमध्ये, मोहफुलं गळायला लागली तेव्हा, रत्नमाला सकाळच्या बसला बसली. चहा घेऊन, पाणी पिऊन. भंडाऱ्याला स्टँडवरच्या संडासात जाऊन आली, तुमसरच्या बसला बसली, बाटलीतलं पाणी घोटघोट प्यायली. वरठीच्या पुढे कळ आली. तिनं दांडी धरली नाही. पाय जमिनीला टेकवून बसली, आवळलं, सोडलं. बांध्या मागे पळत होत्या. मोहाडी आली, माणसं उतरली, चढली, गाडी निघाली. गाडी निघाली तेव्हा तिला इतकं भरून आलं की शेजारच्या मुलीनं विचारलं, "काकू, काय झालं?"

बारा वाजता ती चिखल्याला पोचली. मंगरू अंगणात बाजेवर बसला होता. तिला पाहून तो उठला नाही, पण जा असंही म्हणाला नाही. ती समोर खाली बसली.

"भाऊजी, मले तुमाले सांगायचं हाय. त्या दिवशी मी काहून आली नाही ते."

"काय?"

"त्या दिवशी! मी परत काहून गेली!"

"मोठ्यानं बोल!"

तिनं एकदा कुंपणापलीकडे पाहिलं. शेजारची बाई मोहफुलं वाळत घालत होती. रत्नमालेनं दम घेतला.

"लघवी थांबत नव्हती माझी, भाऊजी! बसमध्ये कपडे खराब झाले! तशी घरात कशी येऊ म्हणून परत गेली! गुडघे नव्हते दुखत! खोटं बोलली मी!"

शेजारणीचे हात थांबले. मग ती टोपली उचलून आत गेली.  मंगरूनं स्वतःच्या मोठ्या, काळवंडलेल्या हातांकडे पाहिलं.

"मी तिले सांगतलं, रत्नी मोहाडीपर्यंत आली," तो म्हणाला. या वेळी तो ओरडून बोलत नव्हता. "तर म्हने, माझे केस इचरून द्या. रत्नी पाहील तर बोंबलेल, कशी अवदसा झाली म्हणून. तृप्ती तुले आनाले गेली होती. मंग मीच इचरले. मले कुठं येते. गुंता निघेना. ती म्हने, राहू द्या, रत्नी काढंल. दोनदा इचारलं तिनं, आली का? मी म्हटलं, येऊनच राहिली."

रत्नमालेनं तोंडात पदर कोंबला.

"मले तुझा राग नव्हता," मंगरू म्हणाला. "मी तिले खोटं सांगतलं, त्याचा होता. मले ऐकूच नाही आलं तू काय म्हणाली ते."

 ऊन अंगणभर पसरलं. मग मंगरू उठून आत गेला, भात आणि वांग्याची भाजी दोन ताटांत वाढून घेऊन आला. भात चिकट झाला होता. त्यानं स्वतःच रांधला होता. जेवताना त्यानं विचारलं, "आता थांबते का?"

"थांबते! बहुतेक!"

"तिले सांगतलं असतं तर हसली असती."

"हो."

"पोट धरून हसली असती. अन् मंग म्हणाली असती, रत्नीले येता येत नाही तर चला, आपणच जाऊ पवनीले." मंगरूनं ताटात पाणी ओतून हात धुतले. "सुजल्या पायानं आली असती ती."

"आली असती," रत्नमाला म्हणाली. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती बोलली नव्हती, पण त्यानं मान हलवली.

तिनं दोन्ही ताटं उचलली आणि मोरीवर जाऊन घासायला बसली.